जॉन्सनचा लॅटिन कागद

डॉ. सॅम्युएल जॉन्सन मराठी वाचकाला परका नाही. त्याच्या 'रासेलस'चे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतले आणि विष्णुशास्त्र्यांनी ते पुरे केले. पुढे 'निबंधमाले'त विष्णुशास्त्र्यांनी या ग्रंथकाराचे विस्तृत चरित्रही लिहिले. तेव्हापासून जॉन्सन आपल्या मनात उभा आहे तो भारदस्त गद्याचा धनी, व्यासंगी कोशकार आणि वादात कोणालाही हार न जाणारा पंडित म्हणून. महाविद्यालयातील इंग्रजीच्या वर्गातही साधारणपणे हेच चित्र रंगवले जाते: १७५५ चा शब्दकोश, १७६५ ची शेक्सपिअरची आवृत्ती, १७७९ ते १७८१ या काळातील कविचरित्रे आणि १७९१ मध्ये जेम्स बॉस्वेलने प्रसिद्ध केलेले त्याचे चरित्र. त्याने विसाव्या वर्षी लिहिलेल्या एका लॅटिन कागदाला मात्र या यादीत जागा नसते. तो कागद वाङ्मय म्हणून लिहिलेला नव्हता. आपल्याला काय होते आहे, हे एका वैद्याला सांगण्यासाठी तो लिहिला होता. खिन्नतेने आणि चिंतेने ग्रासलेल्या माणसाने मदत केव्हा मागावी, कोणाकडे मागावी आणि मागितल्यावर काय घडते, या प्रश्नांचा विचार त्या कागदापासून सुरू करता येईल असे मला वाटते.

जॉन्सन १७२८ च्या ऑक्टोबरात ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाला. वडील लिचफिल्ड गावातले पुस्तकविक्रेते. घरात पुस्तके होती, पैसा नव्हता. जेमतेम तेरा महिन्यांनी, पदवी न घेताच, त्याला ऑक्सफर्ड सोडावे लागले. त्याच १७२९ सालात, लिचफिल्डला असताना, या व्याधीने त्याला प्रथम पुरते गाठले. खिन्नता, अस्वस्थता, चिडखोरपणा आणि भविष्याविषयीची निराशा यांनी जगणे नकोसे व्हावे, अशी ती अवस्था असल्याचे बॉस्वेल सांगतो. स्वतः जॉन्सनने पुढे एका स्नेह्याला सांगितलेली आठवण अधिक बोलकी आहे. त्या दिवसांत त्याला इतकी ग्लानी येई की गावातल्या घड्याळाकडे पाहूनही किती वाजले हे उमगत नसे. चाळीस हजारांहून अधिक शब्दांचे अर्थ पुढे ज्याने एकहाती लिहिले, त्याला घड्याळाचे काटे वाचता येत नव्हते. बुद्धिमान माणसाला असे काही होत नाही, किंवा झालेच तर तो बुद्धीच्या बळावर त्यातून निभावतो, असे मानणाऱ्यांनी हे घड्याळ लक्षात ठेवावे.

जॉन्सनने आधी स्वतःच्या बळावर उपाय करून पाहिले. लिचफिल्डहून बर्मिंगहॅमपर्यंत आणि परत, म्हणजे तीस मैलांहून अधिक, तो वारंवार पायी जात असे. शरीर दमवले की मन शांत होईल, हा त्यामागचा हिशेब. हा उपाय अगदीच चुकीचा होता असे आजचे वैद्यकही म्हणणार नाही. पण तो पुरेसा नव्हता. तेव्हा त्याने आपल्या स्थितीचे लॅटिनमध्ये निवेदन लिहिले आणि डॉ. स्विनफेन यांच्या हाती दिले. हे स्विनफेन वैद्य होते, शिवाय त्याचे धर्मपिता होते. विश्वास टाकायला याहून योग्य माणूस त्याला कोण मिळणार?

स्विनफेन यांना तो मजकूर फार आवडला. त्यातली सूक्ष्म दृष्टी, विवेचनाची धार आणि भाषेवरचे प्रभुत्व पाहून ते थक्क झाले, आणि या थक्क होण्याच्या भरात त्यांनी तो कागद अनेकांना दाखवला. त्यात दुष्टावा नव्हता; होते ते कौतुकच. परंतु एका तरुणाने आपल्याला वेड लागेल या भीतीपोटी लिहिलेले शब्द आता गावातल्या सुशिक्षितांच्या हातांतून फिरत होते. जॉन्सनला हे कळले तेव्हा तो इतका दुखावला की स्विनफेन यांच्याशी त्याचे मन पुन्हा कधीच पूर्णपणे जुळले नाही. ही गोष्ट बॉस्वेलला सांगितली ती स्विनफेन यांच्याच मुलीने, मिसेस डेमुलां यांनी. पुढे हलाखीत सापडलेल्या या बाईला जॉन्सनने लंडनमधल्या आपल्या घरात कित्येक वर्षे आश्रय दिला होता. बापावरचा राग त्याने मुलीवर काढला नाही, हे त्याच्या स्वभावाला धरूनच होते.

येथे एक खुलासा करायला हवा. जॉन्सनच्या काळातला 'मेलंकली' हा शब्द आणि आजच्या वैद्यकातला 'डिप्रेशन' हा शब्द यांना सरसकट एक मानता येत नाही. त्या जुन्या शब्दात उदासी, धास्ती, अपराधीपणाची टोचणी आणि पोटाचे विकारही सामावलेले असत. अडीचशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचे निदान करण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. मात्र त्याने स्वतः काय सांगितले, कोणाला सांगितले आणि त्यावर इतरांनी काय केले, हे वाचण्याचा अधिकार त्याला निश्चितच आहे.

त्या काळी मदत मागण्याची दारे कोणती होती, हेही पाहावे लागते. लंडनचे बेथलेम रुग्णालय, म्हणजेच कुप्रसिद्ध 'बेडलॅम', हे तर लोकांनी रुग्णांची गंमत पाहायला जाण्याचे ठिकाण बनले होते. या प्रेक्षकांना आळा बसला तो १७७० मध्ये. खासगी वेडगृहांना परवाना आणि तपासणी लागू करणारा कायदा इंग्लंडमध्ये १७७४ साली झाला. तोपर्यंत अशा घरात आत गेलेल्या माणसाचे काय होते, याची चौकशी करण्याची बांधील व्यवस्था नव्हती. सगळीच दारे वाईट होती असे नव्हे. १७६३ मध्ये कवी विल्यम कूपर याची मनःस्थिती टोकाला गेली, तेव्हा सेंट ऑल्बन्स येथील डॉ. नॅथॅनिएल कॉटन यांच्या छोट्या रुग्णालयात त्याला ममतेने सांभाळले गेले आणि १७६५ मध्ये तो सावरून बाहेर पडला. पण असे कॉटन विरळा. अशा काळात एखादा माणूस आपली व्याधी लपवत असेल, तर त्याला भित्रा म्हणण्याआधी त्याच्यापुढची दारे मोजावीत.

जॉन्सनच्या मनात या विषयाचे चिंतन किती खोलवर चालू होते, हे 'रासेलस'मध्ये दिसते. ही कथा त्याने १७५९ च्या जानेवारीत, आईच्या अंत्यविधीचा खर्च भागवण्यासाठी अवघ्या आठवड्याभरात लिहिल्याचे बॉस्वेल सांगतो. तिच्यात एक ज्योतिर्विद आहे. विद्वान, सदाचारी, चाळीस वर्षे ग्रहताऱ्यांच्या अभ्यासात रमलेला. मात्र पाऊस, ऊन आणि ऋतू आपल्याच आज्ञेने चालतात, अशी त्याची खात्री झालेली आहे. या अधिकाराने त्याला सुख दिलेले नाही. सर्व जगाची जबाबदारी आपल्यावर आहे या धास्तीने तो पोखरून गेला आहे. हे गुपित तो इम्लाक या कवीजवळ उघड करतो, आणि इम्लाक त्याला हसत नाही. राजकन्या नेकाया आणि तिची सखी पेकुआ यांना मात्र प्रथम हसू येते. तेव्हा इम्लाक त्यांना थांबवतो आणि सांगतो की, कमीअधिक प्रमाणात कल्पनेची सत्ता प्रत्येकाच्याच बुद्धीवर चालत असते. जोवर माणूस तिला आवरू शकतो तोवर ती इतरांना दिसत नाही. ती अनावर होऊन बोलण्यावागण्याचा ताबा घेते तेव्हा आपण तिला वेड म्हणतो. निरोगी आणि रोगी यांच्यामध्ये भिंत नसून उतार आहे, ही दृष्टी १७५९ मध्ये फार दुर्मीळ होती.

ज्योतिर्विद बरा कसा होतो? माणसांत येऊन. राजकन्या आणि पेकुआ यांच्याशी रोज बोलू लागल्यावर त्याच्या भ्रमाची पकड सैल होते. पुन्हा एकांतात गेला की ती आवळते, पुन्हा सोबत मिळाली की सुटते. जॉन्सनने एका झटक्यात झालेला चमत्कार दाखवलेला नाही; पुढे-मागे होत राहणारी सुधारणा दाखवली आहे. ज्याने हा आजार जवळून पाहिला आहे, त्याला ही नोंद पटेल.

कथेतल्या ज्योतिर्विदाला जे मिळाले ते जॉन्सनला सात वर्षांनी मिळाले. १७६६ मध्ये तो आठवडेच्या आठवडे खोलीबाहेर पडेनासा झाला होता. हेन्री थ्रेल हा धनिक मद्यउत्पादक आणि त्याची पत्नी हेस्टर यांची त्याच्याशी वर्षभरापूर्वीच ओळख झाली होती. ती दोघे भेटीला आली तेव्हा जॉन्सन डॉ. डेलॅप या धर्मोपदेशकाला, आपली बुद्धी शाबूत राहावी म्हणून प्रार्थना करा, असे कळवळून विनवत होता. पुढे तो स्वतःविषयी इतके भयंकर बोलू लागला की थ्रेलने नकळत त्याच्या तोंडावर हात ठेवला. हेस्टरने मात्र निर्णय घेतला. या माणसाला येथे एकटे ठेवायचे नाही, असे ठरवून तिने त्याला आपल्या स्ट्रेटम येथील घरी नेले. तेथे तो काही महिने राहिला, आणि पुढची सुमारे सोळा वर्षे ते त्याचे दुसरे घर झाले. वेळेवर जेवण, गप्पा, लहान मुले, रात्री उशिरापर्यंत चहासाठी जागणारी यजमानीण. यात औषध म्हणावे असे काहीच नव्हते. पण 'कविचरित्रे' लिहिणारा जॉन्सन या घराने टिकवला, असे म्हणायला हरकत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. बॉस्वेल स्वतःही खिन्नतेचा रुग्ण होता आणि तो जॉन्सनकडे सल्ला मागत असे. जॉन्सनने त्याला दिलेले काही सल्ले आजही उत्तम आहेत. क्लेश देणाऱ्या विचारांशी झुंजू नये, त्यांना वळण द्यावे. रात्री खोलीत दिवा जळता ठेवावा, झोप लागली नाही तर पुस्तक घ्यावे. हाताला आणि डोक्याला गुंतवणारे एखादे काम शिकावे. जॉर्ज चेनी या वैद्याचे 'द इंग्लिश मॅलडी' (१७३३) वाचायला सुचवताना त्याने एक इशाराही दिला होता: खिन्नता हे कुशाग्र बुद्धीचे लक्षण आहे, ही खुळी समजूत त्यातून घेऊ नकोस. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा इशारा जपून ठेवावा. दुःख हे प्रतिभेचे मूल्य आहे, ते गेले तर कविताही जाईल, या समजुतीने आपल्याकडेही अनेकांना डॉक्टरांच्या दारापासून दूर ठेवले आहे.

पण १७८० च्या एप्रिलमधले पत्र वेगळे आहे. त्यात जॉन्सन बॉस्वेलला नियमच घालून देतो की, आपल्या मनोविकारांविषयी कधीही कोणाशी बोलायचे नाही. बोलले नाही की विचार कमी होईल, विचार कमी झाला की त्रास कमी होईल. बोलणाऱ्याला स्तुती हवी असते किंवा कीव, आणि दोहोंचा उपयोग नाही. पुढच्या वर्षी तर त्याने बॉस्वेलच्या तक्रारीला दुःखाचे ढोंग म्हटले. 'रासेलस' लिहिणाऱ्या लेखकाने, स्ट्रेटममध्ये सावरलेल्या माणसाने हे लिहावे, याचे आश्चर्य वाटते. १७२९ च्या कागदाचा आणि १७८० च्या पत्राचा कार्यकारणसंबंध सिद्ध करता येणार नाही. तरीही ज्याचा विश्वास विसाव्या वर्षी उघड्यावर आला, त्याने सत्तरीत मौनाचा उपदेश करावा, यात एक दुःखद सुसंगती मला दिसते. बॉस्वेलने हा नियम पाळला नाही, हे बरे झाले. १७७७ पासून १७८३ पर्यंत 'लंडन मॅगझिन'मध्ये त्याने टोपणनावाने सत्तर निबंध लिहिले. त्या लेखमालेचे नावच 'द हायपोकॉन्ड्रिॲक' होते.

१७८३ च्या जूनमध्ये जॉन्सनला पक्षाघाताचा झटका आला. मध्यरात्री वाचा गेली. बुद्धी ठिकाणावर आहे ना, हे तपासण्यासाठी त्याने मनातल्या मनात लॅटिन पद्यात प्रार्थना रचली, आणि सकाळी शेजाऱ्याला चिठ्ठी लिहून मदत मागवली. लगोलग हेबर्डन आणि ब्रॉकल्सबी हे नामांकित वैद्य त्याच्या उशाशी होते. जीभ लुळी पडली तेव्हा त्याने क्षणाचाही संकोच केला नाही. मनाच्या व्याधीच्या बाबतीत मात्र १७२९ नंतर तो लपवत राहिला, आणि १७६६ मध्ये इतरांनी दार उघडेपर्यंत खोलीत बसून राहिला.

आजची दारे वेगळी आहेत. उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ टिकले. झोप, भूक, एकाग्रता बिघडली. थकवा आणि अपराधीपणा पाठ सोडेनासे झाले, तर ती वैद्यकीय मदतीची वेळ आहे, असे आजचे वैद्यक मानते. चिंतेने अभ्यास, नोकरी, घराबाहेर पडणे अडत असेल तरीही तेच. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जीविताला धोका असेल अशा मोजक्याच प्रसंगी त्याला अपवाद आहे. म्हणजे स्विनफेन यांनी केले ते आज डॉक्टरने केले, तर तो कायद्याचा भंग ठरेल.

पण बहुतेक कागद आधी डॉक्टरकडे जात नाहीत. ते शिक्षकाकडे, मित्राकडे, मोठ्या बहिणीकडे येतात. निबंधाच्या वहीत, उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर, कधी एखाद्या कवितेच्या रूपाने. ज्यांनी शिकवण्यात वर्षे घालवली आहेत त्यांना असे एखादे पान आठवत असेल. त्यावर भाषेचे गुण द्यायचे नसतात आणि ते शिक्षककक्षात वाचूनही दाखवायचे नसते. लिहिणाऱ्याला बाजूला बोलवावे, शांतपणे ऐकून घ्यावे, आणि गरज दिसली तर त्याच्यासोबत डॉक्टरांपर्यंत जावे.