लावणी आणि वारी

माउलींची पालखी आळंदीहून निघते, त्याच सुमारास भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांत भाताच्या लावणीची घाई सुरू होते. मृग बरसून गेलेला, आर्द्राची झड लागलेली, खाचरे पाण्याने भरलेली. डोक्यावर इरले घेऊन बायामाणसे चिखलात वाकलेली असतात. पंढरीची ओढ त्यांना नसते असे नाही, पण रोप थांबत नाही. साधारण तीन आठवड्यांचे रोप उपटून लावले तर त्याला फुटवा चांगला येतो. ते राबातच जून झाले, तर वर्षाचे पीक हातचे गेले म्हणून समजावे. शिवाय लावणी सावडीने चालते. आज एकाचे खाचर, उद्या दुसऱ्याचे. एक माणूस निघून गेला, तर खोळंबा साऱ्या वाडीचा होतो.

म्हणून मावळातला वारकरी वर्षाच्या चार वाऱ्या आणि भाताचे चार हंगाम एकमेकांशी ताडून पाहत आला आहे. आषाढीला लावणी. कार्तिकीला आंबेमोहोर कापणीला आलेला. चैत्रीच्या दिवसांत राब भाजायचे. म्हणजे रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, कवळे पसरून जाळायचे. मनासारखी मोकळी उरते ती माघी. घरातल्या एकाने आषाढीला जावे, बाकीच्यांनी खाचर सांभाळावे, हा दुसरा मार्ग. जो मागे राहतो त्याची वारी चुकली, असे कोणी म्हणू नये. अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडला नाही, पांडुरंगच त्यांच्याकडे आला, ही कथा आपल्या संप्रदायाने उगाच जपलेली नाही.

हा मुलूख जुना. नीरेकाठचे हिरडस मावळ, वेळवंड खोरे, रोहिड खोरे, पलीकडे गुंजण मावळ आणि कानद खोरे. इथली नावेच नद्यांवरून आणि खोऱ्यांवरून पडलेली. शिवरायांना साथ देणारे कान्होजी जेधे कारीचे, म्हणजे याच भोर तालुक्यातले. राजगड आणि तोरणा वेल्ह्यात. त्या तालुक्याला आता राजगडचेच नाव मिळाले आहे. पुढे भोरला पंतसचिवांचे संस्थान झाले. ते 1948 साली विलीन झाले.

पण भाताच्या खाचरांचा इतिहास गडांपेक्षा धरणांनी अधिक बदलला, आणि तो आपण फारसा सांगत नाही.

1876-78 च्या दुष्काळाने पुण्याच्या पूर्वेकडचा मुलूख होरपळला. त्यानंतर इंग्रज सरकारने भाटघरला वेळवंडी नदीवर धरण बांधले आणि नीरेचा डावा कालवा काढला. 1920 च्या दशकात तिथेच अधिक मोठे लॉईड धरण उभे राहिले. उजवा कालवाही निघाला. पाणी अडले ते भोर संस्थानात, भिजली ती मुख्यतः खाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडची जमीन. खोऱ्याच्या तळाची जमीन म्हणजे सगळ्यांत कसदार भातजमीन, आणि पाण्याखाली जाते ती नेमकी तीच. उतारावर उरते ती नाचणी-वरईची. पुढे वेल्ह्यातही तेच घडले. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या जलाशयासाठी आंबी नदीच्या खोऱ्यातली शेते गेली, पुढे वरसगावला मोसे खोऱ्यातली गेली, याची आठवण पुण्यात किती जण काढतात? ज्यांचे घर-शिवार गेले त्यांना नवी जमीन कुठे, केव्हा आणि कशी मिळाली, हा हिशेब निराळा आणि कडू आहे.

आता पालखीची वाट डोळ्यांपुढे आणावी. माउलींची पालखी फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी जाते. तुकोबारायांची बारामती, इंदापूर, अकलूजकडून. दोन्ही वाटा नीरेच्या कालव्यांच्या मुलखातून जातात. दिंडीला जेवू घालणारी ज्वारी आणि भाजीपाला, मुक्कामाला सावली देणारी झाडी यांत भाटघरच्या पाण्याचा वाटा आहे. कालवे येण्यापूर्वी हा प्रदेश अवर्षणाचा म्हणून ओळखला जाई. हैबतबाबांनी 1832 च्या सुमारास माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हाचे वारकरी उघड्या माळावरून चालत असले पाहिजेत. ज्यांना आषाढीला निघता येत नाही, त्यांच्याच बुडालेल्या खाचरांवरचे पाणी असे वारीच्या वाटेवर भेटते. अन्नदात्यांच्या यादीत त्यांचे नाव कुठे नसते, एवढेच.

कालव्यात न वळलेले पाणीही पंढरीलाच जाते. वेळवंडी आणि गुंजवणी नीरेला मिळतात, नीरा नरसिंहपूरला भीमेत येते. हा संगम उजनीच्या खाली आहे. त्यामुळे मावळात अतिवृष्टी होऊन वीर धरणाचे दरवाजे उघडले, की चंद्रभागेचे वाळवंट पाण्याखाली जाते. पंढरपूरचे लोक म्हणूनच उजनीबरोबर वीरकडेही लक्ष ठेवून असतात.

उन्हाळ्यात भाटघरचे पाणी खाली गेले की वेळवंड खोऱ्यातले बुडालेले कांबरेश्वराचे जुने मंदिर उघडे पडते. लोक दर्शनाला जातात. पाऊस लागला की ते पुन्हा दिसेनासे होते. तोवर वर उतारावरच्या खाचरांत चिखलणी सुरू झालेली असते. आणि खाली नीरा गावाजवळ, दत्तघाटावर, माउलींच्या पादुकांना नीरास्नान घातले जाते.