हादऱ्यांनी नटबोल्ट ढिले होणे

हादऱ्यांनी नटबोल्ट ढिले होणे : कोणी पाना न लावता, वारंवारच्या हालचालीमुळे आट्यांचा जोड आपोआप सैल पडण्याची क्रिया. शेजारच्या प्लॉटवर पाइलिंग सुरू झाले आणि घरातला पंखा कुरकुरू लागला, की हा विषय सोसायटीच्या सभेत हमखास निघतो.

आवळलेला बोल्ट म्हणजे ताणून धरलेली स्प्रिंगच. पाना फिरवताना लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा हा ताण निर्माण करतो. बाकीचा घर्षणात जातो. आट्यांचा उतार तीनएक अंशांचा, त्यामुळे घर्षण नटाला जागच्या जागी धरून ठेवते. हे घर्षण सुटते कधी? गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिले, की बोल्टच्या लांबीच्या दिशेतल्या हादऱ्यापेक्षा आडवा हादरा फार घातक. आवळलेले दोन पृष्ठभाग एकमेकांवर आडवे घसरू लागले की नट उलटा फिरतो. उतारावरचा दगड बाजूला ढकलत राहिले तर तो खालीही सरकतो, तसेच हे. युंकरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत सर्वांचा लाडका स्प्रिंग वायसर जवळपास निरुपयोगी ठरतो. जर्मनीने त्याचे मानक मागेही घेतले.

आता पाइलिंगकडे. जर्मन मानक डीआयएन ४१५० राहत्या घराच्या पायाशी, कमी वारंवारितेला, सेकंदाला ५ मिलिमीटर कंपनवेग चालवून घेते. नाजूक वारसा इमारतींना ३. माणसाला मात्र १ मिलिमीटरच्या आतलाही हादरा जाणवतो, म्हणून भीती आधी आणि नुकसान (झालेच तर) नंतर. सेकंदाला १० कंपने धरली, तर ५ मिलिमीटर वेगाला भिंत जागेवरून ०.०८ मिलिमीटर हलते. तीही सगळी एकदम. जोडातल्या दोन पट्ट्या परस्परांवर घसरायला हे सहसा पुरत नाही.

जुन्या दगडी कामाची गोष्ट वेगळी. मेट्रो ३ चे काम चालू असताना, २०१७ मध्ये, मुंबईच्या फोर्टमधल्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या इमारतीचा नक्षीदार तुकडा निखळला आणि कंपनांचा वाद उच्च न्यायालयात गाजला. तिथे निखळला तो दगड, नट नव्हे.

घरात खरोखर ढिले होतात ते एसीच्या बाहेरच्या युनिटचे ब्रॅकेट, डक्टची लटकणी, पंख्याचे बोल्ट. बहुतेकदा ते मुळातच नीट आवळलेले नसतात, आणि त्यांना हलवणारे यंत्र शेजारी नव्हे, त्यांच्यावरच बसवलेले असते. साध्या एसीचा कॉम्प्रेसर मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेतो. पंख्याच्या दांडीतल्या बोल्टला स्प्लिट पिन असते ती याचसाठी : नट फिरला तरी पिनेपाशी अडतो. दुरुस्तीनंतर ती पिन परत घातली आहे का, एवढे स्टुलावर चढून पाहावे.