गांजाचं कूळ, चिलमीचं मूळ

वडनेर भोलजीच्या शाळेत व्यसनावर बोलायला उभं राहायचं, तर एका प्रश्नाची तयारी ठेवूनच जावं: "महाराज तं चिलीम वढत होते, मंग आमालेच काऊन मनाई?" शेगाव इथून तासाभराच्या वाटेवर. घरोघरी गजानन महाराजांचा फोटो, देव्हाऱ्यात पारायणाची पोथी. प्रश्न उद्धट नाही, म्हणून उत्तर दटावून देता येत नाही. त्यासाठी गांजाच्या झाडाचं कूळच सांगावं लागतं.

मुळात हे शेतातलं पीक. पाणिनीच्या एका सूत्रात तीळ, उडीद, जवस यांच्या पंगतीला 'भंगा' बसते; ती जिथे पिकते ते शेत 'भङ्ग्य' किंवा 'भाङ्गीन'. झाड एकच, नावं तीन. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, राळेचा चरस. गांजा पिकवणारे नर झाडं वेळीच उपटून टाकत, कारण बी धरलं की मालाचा कस जातो. नशा राळेत असते. म्हणून भांगेपेक्षा गांजा कडक आणि गांजापेक्षा चरस.

चिलीम त्यामानाने नवखी. शब्द फारसीतून आला, तंबाखू पोर्तुगिजांबरोबर. ओढण्याची ही रीत पसरली ती त्यानंतर.

1893 साली इंग्रज सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने 1,193 साक्षी नोंदवल्या, वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरं उलगडली. पुरेशी चौकशी न करताच वेडाचं खापर गांजावर फोडल्याचं तिथे दिसलं. बेताने घेणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, अतिरेक मात्र घातक. सरसकट बंदी नको, कर आणि नियंत्रण हवं, असा निवाडा झाला. पुढे 1961 चा आंतरराष्ट्रीय करार आला आणि 1985 च्या कायद्याने गांजा-चरस गुन्ह्यात गेले. पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहिली. भांग चालते तर गांजा का नाही, या पोरांच्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

आता महाराजांचं. दासगणूंच्या 'श्रीगजाननविजय' पोथीत, तिसऱ्या अध्यायात, काशीचा एक गोसावी नवस फेडायला गांजा घेऊन येतो. महाराज त्याचा मान राखतात, पण ते त्यात गुंतले नव्हते हेही पोथीच सांगते. त्या गोष्टीत नवस आहे, भक्त आहे. पुडी विकणारा नाही, उधारी नाही आणि नववीतला पोरगाही नाही. महाराजांची चिलीम पुढे करणाऱ्याला पोथीचं हे पानही वाचायला द्यावं.

मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालते. त्या वयात रोजचा झुरका लागला, की लक्ष आणि स्मरणशक्ती मार खातात. घराण्यात मानसिक आजार असेल, तर भ्रमाचा धोका वाढतो. आयोगाने ज्यांना 'बेताने घेणारे' म्हटलं, त्यांचा दाखला शाळकरी पोराला लागू पडत नाही.

आणि कायदा? नुसतं ओढल्याबद्दलही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला, तर हाच कायदा त्याला खटल्यापासून संरक्षण देतो. हे कलम पोरांना कुणी सांगत नाही. ते आधी सांगा, आणि फळ्यावर व्यसनमुक्तीचा फुकट क्रमांक लिहून ठेवा: 14446.