काठी व छडी

चालताना आधार म्हणून, स्वसंरक्षणासाठी किंवा केवळ शोभेसाठी हातात बाळगावयाचा दंड. मराठीत आकार व उपयोग यांनुसार काठी, सोटा, दांडके, लाठी, वेत, छडी असे वेगवेगळे शब्द रूढ आहेत. काठी ही आधाराची आणि छडी ही मिरविण्याची (किंवा शाळकरी मुलांच्या अनुभवाप्रमाणे मारण्याची) असा ढोबळ भेद त्यांत करता येतो. इंग्रजीतही ‘स्टिक’ म्हणजे झाडाच्या फांदीची काठी व ‘केन’ म्हणजे वेताची छडी असा मूळ भेद होता. पुढे तो पुसट झाला. जुन्या काठ्यांचे संग्राहक मुख्यतः सतराव्या ते विसाव्या शतकांतील यूरोपीय व अमेरिकन काठ्यांकडे वळलेले दिसतात. या कालखंडात काठी ही शरीराच्या आधारापेक्षा बाळगणाऱ्याच्या दर्जाची, व्यवसायाची व कित्येकदा मतांचीही खूण होती. तिचे मोल प्रायः या ओळखीवर अवलंबून असते. मात्र मूठ, दांडा, त्यांच्या सांध्यावरील धातूचे कडे आणि खालच्या टोकाची शेंबी हे तिचे चारही भाग सुटे करता येतात. त्यामुळे ही ओळख हरवण्यास किंवा बनावट रीतीने निर्माण करण्यास फारसे कष्ट पडत नाहीत.

आधार व अधिकार यांतील संदिग्धता फार प्राचीन आहे. हॉवर्ड कार्टर याने १९२२ मध्ये शोधून काढलेल्या तूतांखामेन या ईजिप्शियन राजाच्या (मृत्यू इ. स. पू. सु. १३२३) थडग्यात सु. १३० काठ्या व दंड सापडले. काहींच्या वाकड्या टोकांवर बांधलेल्या परकीय शत्रूंच्या आकृती कोरलेल्या आहेत. काठी धरली, की राजाच्या मुठीत शत्रू येई, अशी ही योजना होती. सोन्याने मढविलेल्या एका साध्या बोरूच्या काठीवर मात्र ती राजाने स्वहस्ते कापल्याचा लेख आहे. राजाच्या ममीच्या तपासणीनंतर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या डाव्या पायात व्यंग असावे, असे मत मांडण्यात आले आणि काठ्यांची ही मोठी संख्या त्याला पूरक पुरावा मानली गेली. तथापि ईजिप्तमध्ये दंड हे उच्चपदाचे सर्वमान्य चिन्ह असल्याने केवळ संख्येवरून राजा लंगडा ठरविणे अनेकांना मान्य नाही. भारतात उपनयनप्रसंगी बटूला द्यावयाच्या दंडाचे लाकूड व लांबी मनुस्मृतीत वर्णपरत्वे सांगितली आहे : ब्राह्मणाचा दंड केसांपर्यंत, क्षत्रियाचा कपाळापर्यंत, तर वैश्याचा नाकापर्यंत. दरबारातील चोपदाराची चांदीने मढविलेली काठी ही याच वृत्तीची. तिचा चालण्याशी संबंध नाही.

यूरोपात सतराव्या शतकात काठी हा प्रतिष्ठित पुरुषाच्या पोशाखाचा भाग बनला. ईआसींत रीगो या चित्रकाराने १७०१ मध्ये रंगविलेल्या चौदाव्या लुईच्या प्रसिद्ध व्यक्तिचित्रात राजाने राजदंडदेखील उलटा धरून छडीसारखा टेकविला आहे. कमरेची तलवार जसजशी मागे पडली, तसतशी तिची जागा छडीने घेतली. लंडनच्या टॅटलर या नियतकालिकाने १७०९ मध्ये छडी बाळगण्याचा परवाना मागणाऱ्या हौशी लोकांची एक काल्पनिक चौकशी रंगवून या वेडाची थट्टा केली, त्या अर्थी ते वेड बरेच फैलावले असावे.

या फॅशनमागे आशियाचा व्यापार उभा होता. सर्वांत मोलाची छडी ज्या वेताची होई, त्याचे नाव मलाक्का या बंदरावरून पडले. तो वेत वजनाने हलका, चिवट व तांबूस-तपकिरी ठिपक्यांचा असतो. दोन पेरांमधील अंतर पुरेसे लांब असलेला वेत निवडला, म्हणजे संपूर्ण दांड्यावर एकही सांधा येत नाही. असा अखंड दांडा विरळा मिळे आणि त्याला किंमतही चांगली येई. पिनँग बेटावरील एका लहान ताडवर्गीय झाडापासून केलेल्या गाठाळ काठीला इंग्रजीत ‘पिनँगचा वकील’ असे मिस्किल नाव होते. यांखेरीज आबनूस, गियानाच्या भागातील सर्पकाष्ठ, हस्तिदंत, नारव्हाल या सागरी प्राण्याचा पीळदार दात, लोखंडी सळईवर ओवलेले शार्कच्या पाठीचे मणके, इतकेच काय पण काचही दांड्यासाठी वापरण्यात आली. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तिदंती मुठीत चांदीचे बारीक खिळे बसवून नक्षी करीत. अठराव्या शतकात माइसेन येथील चिनी मातीच्या मुठी लोकप्रिय झाल्या.

वैद्यकीय व्यवसायात काठीला विशेष स्थान होते. मुठीतील सच्छिद्र पोकळीत सुगंधी द्रव्य वा शिर्का ठेवून रोग्याजवळ ती नाकाशी धरीत. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समधील सोनेरी मुठीची काठी या दृष्टीने उल्लेखनीय आहे. जॉन रॅडक्लिफ, रिचर्ड मीड, अँटनी ॲस्क्यू, विल्यम पिटकर्न, डेव्हिड पिटकर्न आणि मॅथ्यू बेली या वैद्यांकडे ती एकामागून एक गेली व त्यांची कुलचिन्हे तिच्यावर कोरली गेली. बेलीच्या विधवेने १८२५ मध्ये ती कॉलेजला दिली. विल्यम मॅकमायकेल याने १८२७ मध्ये या काठीच्याच तोंडून तिच्या धन्यांची चरित्रे वदविली. गंमत अशी, की वैद्यांच्या काठीची ओळख म्हणजे गोल मूठ. या सर्वांत प्रसिद्ध काठीला मात्र ती नसून आडवी मूठ आहे.

काठी मृत्युपत्राने देण्याइतकी मोलाची मानली जाई. बेंजामिन फ्रँक्लिनने १७८९ च्या पुरवणी मृत्युपत्रान्वये रानसफरचंदाच्या लाकडाची, सोन्याची स्वातंत्र्यटोपी मुठीस असलेली आपली काठी जॉर्ज वॉशिंग्टनला दिली. १८४३ मध्ये ती अमेरिकन राष्ट्राला अर्पण करण्यात आली आणि स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जतन झाली. बाल्झाक या फ्रेंच कादंबरीकाराच्या वैडूर्यजडित छडीचा (१८३४) पॅरिसमध्ये इतका बोलबाला झाला, की देल्फीन द जिरार्दँ या लेखिकेने तिच्यावर १८३६ मध्ये एक कादंबरीच लिहिली.

काठीच्या इतिहासातील सर्वांत काळीकुट्ट घटना अमेरिकेच्या सेनेटमध्ये घडली. मॅसॅचूसेट्सचा सेनेटर चार्ल्स समनर याने गुलामगिरीविरुद्ध केलेल्या भाषणाचा राग धरून साउथ कॅरोलायनाचा प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स याने २२ मे १८५६ रोजी सभागृहातच त्याला सोनेरी मुठीच्या काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारले. काठी गटापर्चाची असल्याने माराने तिचे तुकडे झाले. समनरला सभागृहातील आपले काम नियमितपणे पुन्हा सुरू करण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागला; दक्षिणेतील समर्थकांनी मात्र ब्रुक्सला नव्या काठ्या भेट पाठविल्या. काठी हे सभ्यपणाचे भूषण असल्याची समजूत किती वरवरची होती, हे यावरून दिसते.

एकोणिसाव्या शतकात दांड्याच्या पोकळीत काय लपविता येईल, याची जणू स्पर्धाच लागली. दुर्बीण, छत्री, लहान व्हायोलिन, मद्याची नळी व प्याला, घोड्याची उंची मोजण्याची पट्टी अशा नाना वस्तू काठीत बसविण्यात आल्या. रेमिंग्टन या अमेरिकन कारखान्याने १८५८ च्या एकस्वानुसार काठीतील बंदूक तयार केली. कॅथरिन डाइक या स्विस संग्राहिकेने १९८३ मध्ये अशा बहुगुणी काठ्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो या क्षेत्रातील संग्राहकांचा नित्याचा आधार बनला. काठीत दडविलेल्या पात्याला मराठीत ‘गुप्ती’ हा नेमका शब्द आहे. भारतातील शस्त्रविषयक नियमांत (१९६२ व २०१६) गुप्तीची गणना तलवारीतच केली असल्याने ती केवळ शोभेची वस्तू समजून विकत घेणे धोक्याचे आहे.

पहिल्या महायुद्धानंतर काठीची फॅशन झपाट्याने ओसरली. मोटारगाडी चालविणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले आणि कचेरीला जाणाऱ्याच्या हातात चामडी पिशवी आलेली, अशी तिची कारणे सांगता येतील. चार्ली चॅप्लिनने १९१४ मध्ये पडद्यावर आणलेल्या भटक्याची लवचिक बांबूची छडी ही या सरत्या सभ्यगृहस्थी बाण्याचे विडंबन होती. ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज याने दृष्टी गमावल्यावर १९२१ मध्ये आपली काठी पांढरी रंगविली. अंधांच्या पांढऱ्या काठीचा प्रसार नंतरच्या दशकात झाला. भारतात महात्मा गांधींच्या बांबूच्या काठीला १९३० च्या दांडीयात्रेने जो अर्थ दिला, तो नंदलाल बोस यांच्या त्याच वर्षीच्या लिनोकट-मुद्राचित्रात उमटला आहे. ती मात्र शब्दशः काठी होती, छडी नव्हे.

काठी कशी वाचावी, याचा उत्तम धडा आर्थर कॉनन डॉइलच्या बास्करव्हिलविषयक कादंबरीच्या (१९०२) प्रारंभी आहे. शेंबीची झीज पाहून डॉ. वॉटसन मालक पुष्कळ पायपीट करणारा असल्याचे ओळखतो. संग्राहकही हेच करतो. अठराव्या शतकातील चिखलाच्या रस्त्यांमुळे शेंबी बोटभर किंवा त्याहूनही लांब, पितळी व लोखंडी टोकाची असे. पदपथ फरसबंदी झाल्यावर ती आखूड झाली. दांड्यात दोरी ओवण्यासाठी पाडलेली छिद्रे बहुधा जुनेपणाची खूण होत. ब्रिटिश चांदीच्या कड्यावरील छापांवरून गाव व वर्ष कळते. परंतु ते कड्याचे वर्ष असते, काठीचे नव्हे. जुनी मूठ व नवा दांडा यांचा जोड बाजारात सर्रास आढळतो. दांडा वापराने झिजलेला आणि शेंबी कोरी करकरीत, किंवा याच्या उलट असेल, तर संशय घ्यावा. काठी आखूड केलेली असणे हा मात्र दोष नव्हे. नव्या धन्याच्या उंचीप्रमाणे ती कापली जाणे स्वाभाविकच होते.

मुठीतील हस्तिदंत हा अस्सलपणाचा आणि आता कायद्याचाही प्रश्न आहे. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते; सेल्युलॉइडच्या नकलेत केवळ समांतर रेषा असतात. भारतात देशी हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ मध्ये, तर आयात हस्तिदंताच्या व्यापारावर १९९१ मध्ये बंदी आली. ब्रिटनच्या २०१८ च्या कायद्याने (अंमल जून २०२२ पासून) विक्रीस काही मोजके अपवाद ठेवले आहेत. त्यांपैकी एकानुसार वस्तू १९४७ पूर्वीची असावी आणि तिच्यातील हस्तिदंत एकूण आकारमानाच्या दशांशाहून कमी असावे लागते. परिणामी हस्तिदंताची बारीक टिकली असलेली काठी सहसा विकता येते. संपूर्ण हस्तिदंती मुठीची काठी मात्र असाधारण कलामूल्य सिद्ध झाल्याखेरीज सहसा विकता येत नाही. ती जवळ बाळगता येते, वारसाला देता येते किंवा मान्यताप्राप्त संग्रहालयाच्या स्वाधीन करता येते.