व्याज कुठे लपतं?

इस्लाममधल्या व्याजबंदीची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा बँकेच्या पासबुकापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. खात्यावर जमा झालेलं व्याज घ्यावं की दान करावं, गृहकर्ज चालतं की नाही, असे प्रश्न. पण ही बंदी ज्या जगात आली, तिथे बँका नव्हत्या. तिथे होतं ते उसनं धान्य, उसने पैसे आणि परतफेड चुकली की फुगत जाणारं कर्ज. ते जग समजून घ्यायला अरबस्तानात जायची गरज नाही. शहापूर तालुक्यातला शेणवा-डोळखांब-किन्हवलीचा पट्टा आणि त्याला लागून असलेला मुरबाड तालुका पुरेसा आहे.

हा मुख्यतः पावसावरच्या भाताचा मुलूख. कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांची वस्ती. पीक हाती येतं दिवाळीच्या सुमारास आणि कणगी रिकामी होते नेमकी लावणीच्या दिवसांत, म्हणजे काम सगळ्यात जास्त असतं तेव्हा. त्या दिवसांत खाण्यासाठी घेतलेलं उसनं धान्य म्हणजे खावटी. ती दिढीने फेडायची, म्हणजे एक मण घेतलं तर पीक आल्यावर दीड मण द्यायचं. ऐकायला हे फार वाटत नाही. पण मुदत जेमतेम चार-पाच महिन्यांची असते आणि पीक बुडालं तर दीड मणाची पुन्हा दिढी लागते. माझं काम कोड लिहिण्याचं, त्यामुळे हे मला एका साध्या लूपसारखं दिसतं: एकाचे दीड, दीडाचे सव्वादोन, मग जवळपास साडेतीन, आणि चौथ्या फेरीला पाच मणांच्या वर. या लूपला थांबण्याची अट नाही. कर्जदार किंवा त्याची जमीन संपली की तो थांबतो.

व्याजबंदी नेमकी याच लूपवर घाव घालते. व्याज दुप्पट-चौपट करून खाऊ नका, असा कुराणाचा आदेश आहे. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, कर्ज माफ केलंत तर ते अधिक चांगलं, असंही दुसऱ्या सुऱ्यात म्हटलं आहे. हदीसमध्ये सहा वस्तूंची नावं येतात: सोनं, चांदी, गहू, जव, खजूर आणि मीठ. सारख्याच वस्तूंची अदलाबदल असेल तर ती समसमान आणि हातोहात व्हायला हवी. या यादीत तांदूळ नाही, पण बहुतेक फकिहांनी तोच न्याय इतर धान्यांनाही लावला. त्यांच्या हिशेबाने एका मणाला दीड मण हा थेट ‘रिबा’ होतो.

हिंदू धर्मशास्त्राने दुसरी वाट धरली: व्याज असू द्या, पण त्याला कुंपण घाला. मनुस्मृतीत महिन्याला ऐंशीवा भाग, म्हणजे वर्षाला १५ टक्के, असा दर सांगितला आहे. तिथेच वर्णानुसार महिना २ ते ५ टक्के असे चढते दरही आहेत, आणि सगळ्यात जास्त दर शूद्राला. पैशाच्या कर्जात व्याजासह एकूण वसुली मुदलाच्या दुपटीवर जाऊ नये, हा तो दामदुपटीचा नियम. धान्याला मात्र पाचपटीपर्यंत मोकळीक. वरच्या लूपला हे कुंपण लागतं चौथ्या फेरीला.

इंग्रजांनी १८५५ मध्ये व्याजदरावरचे निर्बंध उठवले. दामदुपट तरीही मुंबई इलाख्यातल्या कोर्टांत टिकली, पण हिंदू कायद्याचा भाग म्हणून. तिचा लाभ कर्जदार हिंदू असेल तरच मिळे. ज्याच्या धर्माने व्याज पूर्णच निषिद्ध ठरवलं, त्या मुसलमान कर्जदाराला त्याच कोर्टात दुपटीची मर्यादासुद्धा मागता येत नव्हती. बंदी धर्मात राहिली आणि वसुली कोर्टात चालली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर धाव घेतली. या उठावात ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले गेले. त्यानंतर १८७९ चा कायदा आला आणि रोख्यावर लिहिलेल्या आकड्यामागे खरा व्यवहार काय होता, हे तपासायची मुभा न्यायाधीशांना मिळाली. सावकाराचं खरं कौशल्य दर वाढवण्यात नव्हतं, कागदावर मुद्दल फुगवण्यात होतं.

ठाण्याच्या जंगलपट्टीत तर कागदाचीही गरज उरली नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीचा अहवाल लिहिला. त्यात खावटी आहे, वेठ आहे आणि लग्नगडीही आहे. लग्नासाठी कर्ज घ्यायचं आणि त्यापायी नवरा-बायकोने वर्षानुवर्षं सावकाराकडे राबायचं. इथे व्याजाचा दर विचारण्यातही अर्थ नाही, कारण व्याज अंगमेहनतीत वसूल होतं. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं आणि त्यापाठोपाठ गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी लग्नगडी आणि वेठ यांविरुद्ध लढा उभारला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने दामदुपटीसारखी मर्यादा धर्म न विचारता सगळ्यांना लागू केली.

तरीही कर्जाने आपलं रूप बदललं. आज शहापूर-मुरबाडमधली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती आधी घेतलेल्या उचलीच्या, म्हणजे बयाण्याच्या बदल्यात. या उचलीवर सहसा व्याज नसतं. शब्दावर बोट ठेवून पाहिलं तर ती बिनव्याजी. पण मजुरीचा भाव आणि विटांचा हिशेब मालकाच्या हातात असेल, तर हंगामाअखेर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जावं लागतं. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने हे ओळखलं होतं. त्याची व्याख्या उचलीपासून सुरू होते, आणि तिच्यावरचं व्याज ‘असल्यास’ एवढ्यापुरतंच येतं.

इस्लामी फिक्हमध्येही हा वाद जुना आहे. वस्तू उधारीवर चढ्या भावाने विकून तीच लगेच रोखीने स्वस्तात परत घ्यायची, म्हणजे व्याजाचं नाव न घेता व्याज मिळतं. अनेक फकिहांनी अशा युक्त्या नाकारल्या, काहींनी त्या चालवून घेतल्या. रघुराम राजन यांच्या समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. मात्र व्याजाच्या जागी फी किंवा नफा असं लिहिलं, तरी पीक बुडाल्यावर हप्ता तोच राहत असेल तर कर्जदारासाठी काय बदललं?

बंदीच्या मुळाशी असलेला विचार मला दरापेक्षा मोठा वाटतो: पैसे देणाऱ्याला फायद्यात वाटा हवा असेल तर त्याने तोट्यातही उतरावं. मुदारबा या भागीदारीत, भांडवल बुडालं तर ते देणाऱ्याचं बुडतं आणि राबणाऱ्याचे श्रम वाया जातात. खावटीत, लग्नगड्यात आणि भट्टीच्या उचलीत हेच कधी घडलं नाही. पाऊस चुकला, पोर आजारी पडलं, विटा भिजल्या, तरी तोटा प्रत्येक वेळी एकाच घरात उतरला. म्हणून कुठलंही कर्ज पाहताना, मग ते सावकाराचं असो, बँकेचं असो की मोबाइलवरच्या ॲपचं, पहिला प्रश्न टक्क्यांचा नसावा. वाईट वर्ष आलं तर ते कोणाच्या खात्यावर लिहिलं जाणार, हे आधी विचारावं.