संरक्षित संस्थान
परराष्ट्र व्यवहार बलाढ्य सत्तेकडे सोपवून अंतर्गत कारभार स्वतःकडे ठेवणारे राज्य. स्विस विधिज्ञ वातेल यांच्या मते असे राज्य सार्वभौमच राहते. हिंदुस्थानात इंग्रजांनी हे तत्त्व पायदळी तुडवले. साताऱ्याची कहाणी सर्वांत क्लेशदायक. १८१९ च्या तहाने छत्रपती प्रतापसिंहांना राज्य मिळाले, पण इतर सत्तांशी परस्पर संबंध ठेवण्यास मनाई झाली. १८३९ मध्ये तहभंगाच्या आरोपावरून ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना पदच्युत केले. फिर्यादी तीच, न्यायाधीशही तीच. प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे दाद मागत राहिले. १८४८ मध्ये, प्रतापसिंहांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ शहाजीराजे निवर्तताच दत्तक नामंजूर करून राज्य खालसा झाले. १८९१ मध्ये, मणिपूर संस्थानातील संघर्षानंतर, आंतरराष्ट्रीय कायदा संस्थानांच्या संबंधांना लागू नाही असे सरकारने राजपत्रातच जाहीर केले.