डायव्हिंग मास्कमधील दृष्टिसुधारणा

स्कूबा डायव्हिंग करणाऱ्याच्या डोळ्यांचा नंबर मास्कमध्येच भरून काढण्याची सोय. हवेत डोळ्याच्या सुमारे 60 डायॉप्टर शक्तीपैकी 43 च्या आसपास शक्ती एकट्या कॉर्नियाची असते. पाणी आणि कॉर्निया यांचे अपवर्तनांक जवळजवळ सारखे असल्याने डोळा पाण्याला भिडला की ही शक्ती जवळपास नाहीशी होते आणि सगळे धूसर दिसते. मास्क डोळ्यापुढे हवेचा कप्पा ठेवून ती परत मिळवून देतो. त्यात चष्मा घालता येत नाही, कारण काड्यांमुळे सिलिकॉनची कड चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि पाणी आत येते. पोहण्याचा नंबरचा गॉगलही चालत नाही. खोलीवर वाढणारा दाब मास्कमध्ये नाकातून हवा सोडून सांभाळतात, आणि गॉगलमध्ये नाक बाहेर राहते.

डोळ्याच्या दवाखान्यातून आणलेला नंबर जसाच्या तसा मास्कमध्ये उतरवावा, ही सर्वसाधारण समजूत अपुरी आहे. सपाट काचेतून पाहताना पाण्यातली वस्तू पाऊण अंतरावर आल्यासारखी आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. उणे 1 नंबर असलेल्याला हवेत 1 मीटरपर्यंत स्वच्छ दिसत असेल, तर पाण्यात तीच मर्यादा सुमारे 1.33 मीटर होते. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यालगतच्या गढूळसर पाण्यात नजर मुळातच काही मीटरपलीकडे जात नाही. तेव्हा तिथे दूरचे दिसण्याच्या काळजीत पैसे घालण्याआधी हाताच्या अंतरावरचे वाचता येते का, हे पाहावे. कारण जवळच्या वस्तूंचा हिशेब उलटा आहे. 40 सेंटिमीटरवर धरलेला प्रेशर गेज डोळ्याला सुमारे 30 सेंटिमीटरवर असल्यासारखा भासतो, आणि त्यावर नजर जुळवायला 2.5 ऐवजी 3.33 डायॉप्टरचा जोर लागतो. तिशीतल्या डोळ्याला हे कळतही नाही. चाळिशी लागलेल्या माणसाला मात्र जमिनीवर कसाबसा वाचता येणारा आकडा पाण्यात पुसट होतो, आणि वाचायचा असतो तो सिलिंडरमधला उरलेला दाब. 50 बारखालची लाल पट्टी रंगावरून ओळखता येईल असे म्हणावे, तर पाणी लाल रंग लवकर शोषते आणि खोलीवर ती पट्टी काळपट दिसू लागते.

दोन स्वतंत्र काचांच्या मास्कमध्ये मूळ काच काढून तयार नंबरची काच बसवता येते. या काचा बहुधा अर्ध्या डायॉप्टरच्या टप्प्याने मिळतात. नंबर अचूक जुळत नाही, असा आक्षेप चष्मेवाले घेतात. तो पूर्ण खरा नाही. मास्कची काच डोळ्यापासून चष्म्यापेक्षा लांब असते. 12 मिलिमीटरवरच्या उणे 6 च्या चष्म्याचे काम 25 मिलिमीटरवर करायला सुमारे उणे 6.5 लागतो. उलट, पाण्यातली दृश्ये जवळचीच असल्याने थोडा कमी नंबरही पुरतो. हे दोन परिणाम एकमेकांना बरेच झाकतात. सिलिंडर नंबर असेल तर त्याचा अर्धा भाग मुख्य नंबरात मिळवतात: उणे 3 ला उणे 1 सिलिंडर असेल तर उणे 3.5. सिलिंडर मोठा असेल किंवा प्रिझम लागत असेल तर ही तडजोड टिकत नाही. तेव्हा भिंग बनवून मास्कच्या काचेला आतून चिकटवून घ्यावे. त्याची सपाट बाजू काचेला आणि वक्र बाजू हवेकडे असते. वक्र बाजू पाण्याला लागली तर तिची शक्ती एक तृतीयांशाच्या आसपासच उरते. चाळिशीसाठी खालच्या कडेला छोटे अधिक नंबरचे भिंग चिकटवतात. माझ्या मते सगळ्या पर्यायांत पैशाला सर्वांत जास्त न्याय देणारा हाच.

कॉन्टॅक्ट लेन्स घातली की प्रश्नच मिटतो, असे अनेकजण म्हणतात, आणि नावेवर परतल्यावरही स्पष्ट दिसते हा तिचा फायदा खराच. पण मास्कमध्ये पाणी शिरले आणि डोळे उघडे राहिले तर ती वाहून जाते. पाण्यातल्या अकँथामिबासारख्या जंतूंचा धोका वेगळाच. म्हणून वापरून टाकायची मऊ लेन्स घ्यावी. जुन्या धाटणीच्या कडक लेन्सखाली वर येताना वायूचे बुडबुडे अडकून कॉर्नियाला इजा होऊ शकते. लेसर शस्त्रक्रियेनंतर किती दिवस थांबायचे, ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ गाइडबरोबर पहिलीच डुबकी घेणाऱ्याला गेज वाचावा लागत नाही. तो गाइड वाचतो. नंबर हलका असेल तर साध्या मास्कवर भागते. तारकर्लीतल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या संस्थेत प्रशिक्षण घेऊन स्वतः बुडी मारायची असेल, तर मात्र सोय आधीच हवी. हरियाणातल्या पानिपतसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरातून येणाऱ्याने ती घरूनच करून आणावी. भाड्याच्या मास्कमध्ये आपला नंबर सापडेल याचा भरवसा नसतो. मास्क ओला करून जवळच्या जलतरण तलावात चेहरा पाण्यात घालावा, हात पुढे धरून मनगटी घड्याळाचे आकडे वाचून पाहावेत. ते अस्पष्ट दिसले तर भिंग बदलून घ्यायला निघण्यापूर्वी वेळ असतो.